हॉलंडमधला ससा

कोराडी,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय सिंधू,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू येणार नाही. आपण रोज भेटायचो तेव्हा माझ्या हातात पेन्सिल कमी आणि सुताचा धागाच जास्त असायचा. मी मनकर्णा. पाचपावलीच्या कोष्टीपुऱ्यातली, जागेश्वर विणकराची मुलगी. तुझ्या वर्गात चौथीला दोन महिने होते आणि मग शाळेतून काढलेली. अठरा वर्षं झाली आपल्याला भेटून, म्हणून एवढी ओळख सांगते. तुझा पत्ता चंपतराव गुरुजींनी दिला. दर दिवाळीला तुझं कार्ड येतं म्हणाले, आणि ती सगळी कार्डं त्यांनी मला काढून दाखवली. तू बिलासपूरला रेल्वेच्या शाळेत गणित शिकवतेस हे ऐकून मला आधी हसूच आलं. मी धरून चालले होते की तू भूगोलच शिकवत असशील.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. यजमान इथे वीज केंद्रात फिटर आहेत. कॉलनीत दोन खोल्या आहेत, अंगणात एक कढीलिंब आहे आणि त्याच्या पानांवर कायम राखेचा थर असतो. धुतलेले कपडे उलटे करून वाळत घालावे लागतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत पांढऱ्याचे करडे होतात. दोन मुलगे आहेत. सातवीची परीक्षा मी लग्नानंतर बाहेरून दिली, थोरला पोटात असताना, आणि पास झाले. भूगोलात सगळ्यात जास्त मार्क होते. त्या जोरावर कॉलनीतल्या बालवाडीत लागले. सहा वर्षं झाली. कोळशाच्या ट्रकवाल्यांची, फिटरांची, बाहेरून आलेल्या मजुरांची अशी तीसेक पोरं असतात, आणि शनिवारी त्यांना गोष्ट पाहिजे म्हणजे पाहिजेच. कोणती गोष्ट ते तुला सांगायला नको. मुंगूसराव जासूसाची.

मुंगूसराव तुला आठवतात ना? डोक्याला फेटा आणि शेपटीत खोचलेलं भिंग. देशोदेशी फिरून प्राण्यांच्या चोऱ्यामाऱ्या शोधून काढायचे. गुरुजी शनिवारच्या शेवटच्या तासाला ही गोष्ट सुरू करायचे तेव्हा बाकांवर कोणी हलत नसे. एका देशाची गोष्ट तीन-चार शनिवार चालायची, आणि चोर सापडायचा तो त्या देशाच्या हवापाण्यावरून, पिकावरून, चालीरीतीवरून. सिलोनची चहाची गोष्ट मी वर्गात ऐकली, ब्रह्मदेशातला सागवानाच्या ओंडक्यांचा हत्तीही वर्गातच ऐकला. नेपाळ सुरू व्हायच्या आत आमचे बाबा गेले. आई त्यांच्या हातमागावर बसली, चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला माणूस पाहिजे होतं, आणि आमच्या भैयाजी काकांनी ठरवलं की पोरीला कामापुरतं लिहिता वाचता येतं तेवढं पुष्कळ झालं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चरख्यापुढे बसले ती बसलेच.

त्या शनिवारी दुपारी तू आलीस. आमच्या दाराबाहेरच्या पायरीवर दप्तर ठेवून तू उभी होतीस आणि आईनं मागावरूनच विचारलं, "काहून आली वं?" तू म्हणालीस, "गुरुजीनं धाडलं. मनकर्णाचा अभ्यास बुडू नये म्हनून गोष्ट सांगाले." गुरुजींचं नाव निघालं म्हणून आईनं मान हलवली. गुरुजींना ती फार मानायची. बाबांच्या आजारपणात ते दोनदा घरी येऊन गेले होते. तू पायरीवर बसलीस, मी आत चरख्याशी, मध्ये उंबरा, आणि तू नेपाळ सुरू केलंस.

तू बाहेर का बसायचीस हे आपल्या दोघींना न सांगता माहीत होतं. तुमच्या घरानं छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. तुझे वडील बाबाराव रेल्वेत खलाशी होते, तुमच्या घरात आमच्यापेक्षा जास्त पुस्तकं होती, आणि तुझा शर्टाच्या कापडाचा फ्रॉक माझ्या फ्रॉकपेक्षा नेहमी स्वच्छ असायचा. तरी आमच्या घरात तुझ्यासाठी पायरीच होती. तहान लागली तर आई वरून धार धरायची आणि तू ओंजळीनं प्यायचीस. मला ते तेव्हा वाईट वाटायचं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला ते दिसायचंच नाही. मला फक्त पुढे काय झालं ते ऐकायचं असायचं.

आणि काय सांगायचीस गं तू! जपान, अरबस्तान, मिसर, आणि मग नॉर्वे. नॉर्वेतला तो साक्षीदार बदक म्हणतो, मी चोराला रात्री बारा वाजता उन्हात पळताना पाहिलं. सगळे त्याला खोटारडा ठरवतात, आणि मग कळतं की त्या देशाच्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मी कांडी भरायची थांबले होते. ऑस्ट्रेलियातला तो लबाड कोल्हा सांगतो की डिसेंबरात मी थंडीनं काकडून बिळात पडलो होतो, आणि तिथेच पकडला जातो, कारण तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो. तू पायरीवर कोळशानं देश काढायचीस, समुद्र काढायचीस, आणि जाताना ओल्या चिंधीनं पुसून जायचीस. आईच्या मागाची तार शनिवारी दुपारी जरा जास्तच तुटायची, हे माझ्या पुष्कळ नंतर लक्षात आलं. तार तुटली की खटखट थांबायची आणि तुझं बोलणं नीट ऐकू यायचं. पेरूच्या गोष्टीत आलूची पोती हलकी झाली म्हणून सगळे चोर शोधतात आणि शेवटी निघतं काय, की तिथले लोक आलू डोंगरावरच्या थंडीत गोठवतात, पायानं तुडवून पाणी काढतात आणि वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. तेव्हा आईच आतून बोलली होती, "म्हंजे आपल्या सांडग्यावानीच झालं तं!" तू इतकी खूश झालीस की पायरीवरून उठून उभी राहिलीस. तीन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, थे आलूची गोष्ट सांग. मी सांगितली.

नॉर्वेपासून गोष्टीत चिचुंद्रीबाई आली होती. मुंगूसरावांची नवी मदतनीस. तिला कोणी घरात घेत नाही, वास येतो म्हणतात, म्हणून ती दाराबाहेर, मोरीपाशी बसते आणि घरातून काय बाहेर येतं त्यावरून आत काय घडलं ते ओळखते. मुंगूसराव आत फिरून थकतात आणि उत्तर चिचुंद्रीबाईकडे असतं. मला ती फार आवडायची. मी तुला म्हटलं होतं, गुरुजींनी ही चिचुंद्री पहिल्यापासून का नाही आणली? तू म्हणालीस, "त्याईले आधी सुचली नसन."

आता ज्याच्यासाठी मी इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिते आहे तिथे येते. पासष्ट सालचा चैत्र होता. आई लुगडी विकायला इतवारीच्या बाजारात गेली होती. ऊन असं होतं की पायरीवर हात टेकवत नव्हता. तू हॉलंड सुरू केलं होतंस. तिथली जमीन समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली आहे, बांध घालून समुद्र बाहेर ठेवला आहे आणि पवनचक्क्या पाणी उपसून टाकतात. एका रात्री बांधाचं दार कोणीतरी उघडं टाकलं आणि शेतात पाणी शिरलं. कोणी उघडलं? इथवर तू आली होतीस आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतीस, कारण बसणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "अंदर ये ना वं, कोनी नाई घरी." तू नको म्हणालीस. मी उठून तुझा हात धरून तुला आत आणलं, चरख्याजवळ बसवलं, माठातलं पाणी पेल्यात भरून तुझ्या हातात दिलं. तू अर्धा पेला प्यायलीस आणि भैयाजी काका दारात उभे राहिले.

ते तुझ्याकडे बघून बोललेच नाहीत. मला म्हणाले, "हिले अंदर कोनं बोलावलं?"

आणि मी म्हटलं, "म्या नाई बोलावलं. थे आपल्याच मनानं आली."

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. पेला खाली ठेवलास, सांडू न देता, दप्तर उचललंस आणि गेलीस. मागून काकांनी माठ अंगणात नेऊन आपटला. संध्याकाळी आईनं काही न विचारता खापऱ्या गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून नवा माठ आणला. मला वाटलं होतं ती मारेल. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

तू आता कधीच येणार नाहीस हे मी धरून चालले होते. पुढच्या शनिवारी काका दारातच खाट टाकून बसले होते. आणि बाराच्या सुमाराला तू रस्त्यात येऊन उभी राहिलीस. वय वर्षं अकरा. सिंधू, मी आता तीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई आहे, आणि अजून मला कळत नाही की तेवढं बळ तू कुठून आणलंस. ज्या दारातून तुला तसं घालवलं त्या दाराकडे तू परत चालत आलीस आणि मोठ्यानं म्हणालीस, "गुरुजीनं धाडलं." काका उठायला लागले. तेव्हा आई मागावरून म्हणाली, "गुरुजीचा अभ्यास हाये भैयाजी. बाहेरच बसते थे." काका पुटपुटत निघून गेले. आई एवढंच बोलली, याच्यापुढे गेली नाही. पण तेवढं तरी ती बोलली. मी तेही बोलले नाही. मी चरखा फिरवत राहिले आणि तू जिथे सोडलं होतंस तिथून हॉलंड पुढे सुरू केलंस.

सगळे प्राणी म्हणतात, दार चिचुंद्रीनंच उघडलं, बांधापाशी तीच तर असते. ससा शपथेवर सांगतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, चिचुंद्रीच होती. मुंगूसरावांना सशाच्या पायाची ओली माती दिसते. दार सशानंच उघडलेलं असतं, त्याला पलीकडचं पाणी बघायचं होतं. पण चिचुंद्रीबाई सभेत सशाचं नाव घेत नाही. म्हणते, आधी शेतातलं पाणी काढू. आठ दिवस सगळे मिळून पवनचक्क्या चालवतात, जमीन कोरडी होते, आणि मग मुंगूसराव तिला विचारतात की तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? ती म्हणते, "लहान हाये गा थो. भेला होता."

आणि मी काय केलं आठवतं? मी तुझ्याशी भांडले. चोराचं नाव सांगायलाच पाहिजे, नाहीतर जासूस कशाला, गुरुजींना सांग की ही गोष्ट चुकली! तू हसलीस आणि म्हणालीस, सांगते. मग कोळशाचा हॉलंड पुसून घरी गेलीस. पुढच्या वर्षी बाबारावांची बदली होईपर्यंत तू एकही शनिवार चुकवला नाहीस, आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस. मला वाटलं, विसरली असेल.

आता गेल्या महिन्यातलं. गुरुजींना या चैत्रात पंचाहत्तर पुरी होतात. इतवारीतले एक छापखानेवाले आहेत, गिरिधरभाऊ, त्यांचा नातू आमच्या बालवाडीत यायचा. त्यांनी म्हटलं, गुरुजींच्या गोष्टी लिहून द्या, मी पुस्तक छापतो. मी सहा महिने बसून लिहिल्या. सतरा देश, चार वह्या. गुरुजी आता नंदनवन वस्तीत मुलाकडे असतात. दिसतं कमी, म्हणून मी वाचून दाखवत होते. सिलोन झालं, ब्रह्मदेश झाला, नेपाळ, जपान, अरबस्तान, मिसर. मधून मधून ते स्वतःशीच हसायचे. मी नॉर्वे सुरू केलं आणि दोन पानांनी त्यांनी हात वर केला. "थांब वं पोरी. हे माही गोष्ट नाही." मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही विसरलात, ही चिचुंद्रीबाईची. ते म्हणाले, "माह्या गोष्टीत चिचुंद्री कधीच नव्हती. आन् मिसर झालं तेव्हा संक्रांतीले माही बदली झाली, तिकडं सदर भागातल्या शाळेत. पुढं म्या गोष्टी सांगतल्याच नाही."

मला काही कळेना. कोष्टीपुऱ्यातल्या सगळ्या पोरांना गुरुजींची बदली माहीत असणार. कांड्या भरणाऱ्या पोरीला येऊन ते कोण सांगणार? मग गुरुजींनीच हळूहळू उलगडून सांगितलं. दर बुधवारी शाळा सुटल्यावर तू पाचपावलीहून सदरला चालत यायचीस. गुरुजी, हॉलंडमध्ये जमीन पाण्याच्या खाली राहतेच कशी? गुरुजी, डोंगरावर आलू सडत का नाहीत? गुरुजी, सूर्य मावळत नाही तिथले कोंबडे केव्हा आरवतात? त्यांना वाटायचं पोरीला भूगोलाची गोडी आहे. पुस्तकं काढून ते दाखवायचे आणि एकच ताकीद द्यायचे: "चोर खोटा चालते. देश खोटा चालत नाही." तू मान हलवायचीस, वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायचीस आणि चालत परत जायचीस. अकरा देश. ते सगळे तू रचलेस, एका श्रोत्यासाठी, आणि प्रत्येक वेळी दारात उभी राहून दुसऱ्याचं नाव सांगितलंस, कारण तुझ्या नावानं आमचं दार उघडलं नसतं.

गुरुजी म्हणाले, बाकीच्या वाच ना, मला ऐकू दे माझ्या विद्यार्थिनीच्या. मी वाचत गेले. हॉलंडपाशी आले, सशाची साक्ष वाचली, आणि सिंधू, तेव्हा, एकोणीस वर्षांनी, मला ती गोष्ट समजली. पुढची ओळ मला वाचता आली नाही. गुरुजी चष्मा हातात घेऊन वाट बघत बसले आणि मी त्यांच्या सुनेच्या स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आले.

तिथून मी सरळ पाचपावलीला गेले. भैयाजी काका अजून त्याच घरात असतात. माग केव्हाच विकले, खाटेवर बसून असतात, कान बरे आहेत. मी त्यांच्यासमोर बसून म्हटलं, काका, त्या दिवशी सिंधूले म्याच अंदर आनलं होतं, तुमाले खोटं सांगतलं होतं. ते म्हणाले, "कोन सिंधू?" मी माठाची आठवण दिली. त्यांना माठही आठवत नव्हता. चहा घेऊन जा म्हणाले. इतकी वर्षं मी ज्यांना भिऊन होते त्यांच्याकडे त्यातलं काहीच उरलं नव्हतं. ते माझ्याकडे होतं आणि, मला भीती वाटते, तुझ्याकडे असेल.

म्हणून हे पत्र. गिरिधरभाऊ म्हणत होते की एकच नाव ठेवू, गुरुजींना लोक ओळखतात. गुरुजींनी साफ सांगितलं, सहा माझ्या आणि अकरा तिच्या, दोन नावं नसतील तर छापू नका. तेव्हा मला तुझी परवानगी पाहिजे, आणि तुझं पूर्ण नाव कसं छापायचं तेही लिही. कोणत्या गोष्टी ठेवायच्या, कोणत्या नाही, ते तू ठरव. हॉलंड वगळायची असेल तर वगळ, ती तुझी आहे. ठेवणार असशील तर शेवट बदलू नकोस, लहानपणी मी उगाच भांडले. आठ एप्रिलला रविवार आहे, गुरुजींचा कार्यक्रम नंदनवनात संध्याकाळी आहे. बिलासपूरची गाडी पहाटे येते, स्टेशनवर मी असेन, तिथून आपण बसनं आमच्याकडे येऊ, जेवू, आणि मग दोघी मिळून जाऊ. एक गोष्ट मात्र गाडीत बसायच्या आधी तुला कळली पाहिजे, म्हणून इथेच लिहिते. त्या दिवशी तू आपल्या मनानं आली नव्हतीस. मी बोलावलं होतं तुला, हात धरून. आजही मीच बोलावते आहे, आणि या वेळी कोणीही विचारलं तरी हेच सांगेन.

तुझीच,
मनकर्णा